गुहागरचं भांडण मॉरिशसमार्गे परदेशात कसं गेलं? (एन्रॉन, हमी आणि लवाद)

खाडीपल्याड

दिवाळीत दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने चाललो होतो. गाडी बोटीवर चढवून कठड्याशी उभे राहिलो, तर दहावीतला भाचा पलीकडची धुरांडी दाखवून म्हणाला, "मामा, ते काय?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या मावशींनी सांगून टाकलं, "एन्रॉन." कंपनी बुडून जवळजवळ दोन तपं झाली, पाटी बदलली, मालक बदलले, पण तालुक्यात ते एन्रॉनच.

मग भावोजींनी नेहमीचं वाक्य टाकलं. "एन्रॉन बुडाली म्हणून आपण सुटलो, नाहीतर आयुष्यभर बिलं भरत बसलो असतो." मी म्हटलं, सुटलो कुठे? पैसे दिले की. "बुडालेल्या कंपनीला?" नाही, तिच्या भागीदारांना. पुढचा तासभर (आणि गुहागरच्या खानावळीत आणखी तासभर) ज्यावर वाद झाला तो हा विषय. घरच्यांना कंटाळा आला, म्हणून आता इथे.

आधी उजळणी. नाव दाभोळ असलं तरी प्रकल्प दाभोळात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या कातळावर. जून १९९२ मध्ये एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात समझोता झाला आणि ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करार. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री. दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के एन्रॉन, आणि १०-१० टक्के जनरल इलेक्ट्रिक (जीई) व बेक्टेल. जीई यंत्रं पुरवणार, बेक्टेल बांधकाम करणार. म्हणजे या दोघी मालकही आणि ठेकेदारही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हे परवडणारं नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता, हेही नोंदवून ठेवा.

करारात मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच होता, आणि तो डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने थकवले तर, निदान पहिल्या टप्प्यापुरती, केंद्राची प्रतिहमी. आणि भांडण झालंच तर लवाद (न्यायालयाऐवजी निवाडा देणारे पंच) लंडनला.

१९९५ ला युतीचं सरकार आलं. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची घोषणा ज्यांनी प्रचारात ऐकली होती त्यांना आठवत असेल. गोपीनाथ मुंडे समितीचा अहवाल आला आणि ३ ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द. कंपनी लंडनच्या लवादात गेली. राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि हा करार फसवणुकीने झाला, म्हणून तो मुळातच रद्दबातल आहे, असा दावा लावला. आणि मग? वाटाघाटी झाल्या, दावा मागे घेतला, आणि ज्या करारात भ्रष्टाचार झाला असं शपथेवर सांगितलं होतं तोच करार आणखी मोठा करून १९९६ मध्ये पुन्हा केला. आधी दुसरा टप्पा ऐच्छिक होता, आता तोही गळ्यात. एकूण २,१८४ मेगावॉट. प्रतिहमीवर मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने शिक्कामोर्तब केलं. थोडक्यात, या पंगतीत सगळे पक्ष जेवून उठले आहेत, तेव्हा प्रतिसादांत तुमचा पक्ष-आमचा पक्ष करू नये ही विनंती.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनावर. पुढच्याच वर्षी तेल भडकलं, रुपया घसरला, आणि युनिटचा दर काही महिने सात रुपयांच्याही वर गेला. मंडळ पैसे थकवू लागलं. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने उलट कंपनीलाच ४०१ कोटींचा दंड ठोकला, कारण सांगितल्या वेळात प्रकल्प पूर्ण क्षमतेला पोचला नाही. फेब्रुवारीत कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. २३ मे २००१ ला मंडळाने करार मोडीत काढला. महिनाअखेर प्रकल्प बंद.

इथवरचं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही.

करारात लंडन लिहिलं होतं. पण राज्य वीज नियामक आयोगाने हा वाद आमच्या अखत्यारीतला आहे म्हणून कंपनीला लवादात पुढे जायला मनाई केली. प्रकरण उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. लंडन अडकलं. इकडे २ डिसेंबर २००१ ला एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आपल्याकडे बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला.

जीई आणि बेक्टेल मात्र जिवंत होत्या. दोघींनी परदेशातल्या राजकीय जोखमीचा विमा काढलेला होता, 'ओपिक' या अमेरिकी सरकारी संस्थेकडे. ओपिकने आधी नकार दिला, म्हणून त्यांनी ओपिकलाच लवादात खेचलं. सप्टेंबर २००३ मध्ये निकाल लागला. मंडळ, नियामक आयोग, राज्य, केंद्र आणि भारतीय न्यायालयं या सगळ्यांनी मिळून कंपनीचा लवादाचा हक्क हिरावला, सबब हे मालमत्ता काढून घेणंच झालं, असा. ज्या खटल्यात भारत पक्षकारच नव्हता त्या खटल्यात भारताबद्दल हे लिहिलं गेलं. ओपिकला विम्याचे पैसे द्यावे लागले. आणि विमा कंपनी अपघाताचे पैसे तुम्हाला देऊन मग समोरच्या गाडीवाल्याच्या मागे लागते ना, तसं २००४ मध्ये अमेरिकी सरकारने भारतावर दावा लावला.

त्याच सप्टेंबर २००३ मध्ये दुसरा बाँब पडला. अमेरिका आणि भारत यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार (ज्याखाली परदेशी गुंतवणूकदार सरकारलाच थेट लवादात खेचू शकतो) नव्हता. आजही नाही. पण जीई आणि बेक्टेल यांनी दाभोळमधला पैसा कर वाचवायला मॉरिशसच्या कंपन्यांतून आणला होता. आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक करार ४ सप्टेंबर १९९८ ला झाला, लागू झाला २० जून २००० ला. तारखा पुन्हा वाचा. वीज खरेदी करार झाला तेव्हा हा करार अस्तित्वातही नव्हता, आणि मंडळाने करार मोडला त्याच्या अकरा महिने आधी तो लागू झाला. हमी, प्रतिहमी, लंडन यावर विधानसभेत बाकं वाजली, अग्रलेख झाले. मॉरिशसबद्दल मी तरी त्या काळात एक ओळ वाचलेली आठवत नाही.

याच मॉरिशस कराराखाली दोघींनी भारतावर दावा लावला, १२० कोटी डॉलरचा. पाठोपाठ कर्ज दिलेल्या युरोपी बँका आपापल्या देशांच्या करारांखाली आल्या: ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया. एका प्रकल्पावर आठ-दहा दावे. एप्रिल २००५ मध्ये भागधारक करारावरच्या आणखी एका लवादात राज्याविरुद्ध निवाडा गेला, आणि जुलै २००५ मध्ये तडजोड. बेक्टेलला १६ कोटी डॉलर, जीईला साडेचौदा कोटी. तेव्हाच्या दराने दोघींचे मिळून साधारण तेराशे कोटी रुपये. बँकांचं वेगळं. प्रकल्प एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी काढलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला.

माझं मत, ज्यावरून भावोजी अजून रुसलेत: एन्रॉनशी भांडणं बरोबरच होतं. करार वाईट होता. पण आपण भांडायचं सोडून भांडणाची जागाच बंद केली, आणि महागात पडलं ते नेमकं तेच. लंडनला जाऊन दर, दंड, क्षमता यावर मुद्दे मांडता आले असते. मॉरिशसच्या दाव्यात प्रश्न एवढाच उरला की तुम्ही यांना दाद मागू दिलीत का.

---

पावशेर_शहाणा

पहिला नंबर. वाचतोय.

---

मंडळातला_म्हातारा

खाडीपल्याड, लेख मेहनतीने लिहिलाय, पण शेवटचा परिच्छेद पटला नाही.

मी मंडळात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच भारप्रेषणात, म्हणजे कुठल्या केंद्रातून किती वीज उचलायची ते ठरवण्यात. स्थिर आकार हा शब्द लोकांच्या डोक्यावरून जातो म्हणून खानावळीचं उदाहरण देतो. समजा तुम्ही खानावळवाल्याशी वीस वर्षांचा करार केला. महिन्याच्या सत्तावीस दिवसांचे पैसे द्यायचेच, जेवा किंवा नका जेवू. खाडे धरायचे नाहीत. वर जेवलात तर भाज्यांचे वेगळे, बाजारभावाने. आणि हे सगळं डॉलरात. घरी तुमची आई कोराडीत आणि चंद्रपुरात त्याच्या कितीतरी कमी पैशात स्वयंपाक करतेय. आता सांगा, रोज कुठे जेवाल?

आम्ही स्वस्त वीज आधी उचलायचो, महाग शेवटी. कुठलाही शहाणा माणूस हेच करेल. पण कमी उचलली की स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जायचा, म्हणजे युनिट आणखी महाग, म्हणजे आणखी कमी उचल. हे चक्र पेपरात "दर सात रुपये" एवढंच छापून यायचं.

माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये हेच लिहिलं. पुण्याच्या 'प्रयास' या वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मंडळी तर १९९५ पासून आकडे मांडून ओरडत होती. नियामक आयोग स्थापन झाला तो ग्राहकाला वाजवी दर मिळावा म्हणून. त्याने या करारात डोकं घालायचं नाही, कारण दोन पक्षांनी ग्राहकाला न विचारता लंडन लिहून ठेवलंय? मग आयोग हवाच कशाला?

---

निवाडा

म्हातारेबुवांचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यात त्याला सरळ उत्तर नाही.

देशांतर्गत कायद्याने बघाल तर आयोगाचं म्हणणं पूर्ण ग्राह्य होतं. दर ठरवणं हे सार्वजनिक काम, ते खाजगी लवादाकडे कसं सोपवणार? पण आंतरराष्ट्रीय कायद्याला तुमचं घरातलं कामवाटप दिसत नाही. मंडळ वेगळं, आयोग स्वायत्त, न्यायालय स्वतंत्र, हे आपल्यासाठी. बाहेरून बघणाऱ्याला सगळं मिळून एकच, 'भारत'. सासरच्यांपैकी कुणीही बोललं तरी ते सासरच बोललं.

आणि न्यायालयाचा विलंबसुद्धा सरकारच्याच खात्यावर पडतो. याचं याहून चोख उदाहरण दाभोळनंतरचं आहे. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाबरोबर १९८९ चा करार, तेव्हाच्या बिहारमधली पिपरवारची खाण. बोनस आणि दंडावरून वाद, लवाद झाला, २००२ मध्ये कंपनी जिंकली. रक्कम सुमारे ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. अशा प्रकरणांत ही चिल्लर. कोल इंडिया निवाडा रद्द करून घ्यायला कलकत्ता उच्च न्यायालयात, कंपनी वसुलीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात. नऊ वर्षं गेली.

शेवटी कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया करार काढला. त्यात "दाद मागण्याचं परिणामकारक साधन" द्यायचं कलम नव्हतं. पण भारत-कुवेत करारात होतं! आणि ऑस्ट्रेलिया करारात असं होतं की इतर देशांना द्याल ती चांगली वागणूक आम्हालाही. झालं. कुवेतचं कलम कंपनीने उसनं घेतलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भारत हरला. लवादाने न्यायाधीशांवर कसलाही ठपका ठेवला नाही. फक्त एवढा वेळ लागणं हाच कराराचा भंग ठरला.

दाभोळमध्ये तडजोड झाली, त्यामुळे करार मोडणं योग्य होतं का याचं उत्तर तडजोडीच्या कागदावर मिळत नाही. पिपरवारला मात्र उत्तर लेखी आलं.

---

वरणभात_तूप

बाळबोध प्रश्न, रागावू नका. हे लवाद म्हणजे नक्की कोण? त्यांना कुणी नेमलं? आणि संसदेत चर्चा न होता मॉरिशसशी असा करार होतोच कसा?

---

निवाडा

बाळबोध अजिबात नाही.

साधारणपणे तिघं बसतात. एक गुंतवणूकदार नेमतो, एक सरकार, आणि अध्यक्ष दोघांच्या संमतीने. संमती नाही झाली तर करारात ठरलेली संस्था नेमते. बहुतेक जण नामांकित वकील, प्राध्यापक किंवा निवृत्त न्यायाधीश. आज एका खटल्यात लवाद तर उद्या दुसऱ्यात वकील, हा यावरचा मोठा आक्षेप आहे आणि मला तो खरा वाटतो.

जगात यासाठी जागतिक बँकेच्या छत्राखाली 'इक्सिड' नावाचं केंद्र आहे, १९६६ पासून. भारत त्याचा सदस्य कधीच झाला नाही. म्हणून आपल्यावरचे दावे बहुतेक संयुक्त राष्ट्रांच्या 'अन्सिट्राल' नियमांनी चालतात. अपील नाही. जिथे लवादाचं कायदेशीर ठाणं असतं त्या देशाच्या न्यायालयात मोजक्याच कारणांवर निवाडा रद्द करून मागता येतो.

संसदेचं म्हणाल तर आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करणं हे सरकारचं काम आहे, संसदेची मंजुरी बंधनकारक नाही. पहिला गुंतवणूक करार १९९४ मध्ये ब्रिटनशी झाला, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सत्तरहून जास्त. मंत्र्यांचा दौरा आला की स्वाक्षरीला एखादा कागद लागायचा, असं माझं वैयक्तिक निरीक्षण. फोटोही छान यायचा.

---

तिसरा_मजला

लवाद म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. एका बिल्डरबरोबरच्या करारात बावीसाव्या पानावर "वाद झाल्यास लवाद विकासक नेमेल" असं होतं. मी सही केली, कारण चावी हवी होती. वाद झाला तेव्हा लवाद म्हणून आले ते बिल्डरच्या हिशेबनीसाचे मित्र. चहा मात्र उत्तम होता.

तेव्हा "करारात लंडन लिहिलं होतं ना" हे ऐकलं की मला बावीसावं पान आठवतं. सही करणाऱ्याला त्या क्षणी वीज हवी असते किंवा फ्लॅट हवा असतो.

---

खाडीपल्याड

तिसरा_मजला, फरक एवढाच की तुमच्या बाजूला वकिलांची फौज नव्हती. सरकारकडे विधी व न्याय विभाग होता, महाधिवक्ता होते, आणि १९९६ ला पुन्हा सही करताना तर पहिल्या वेळचा अनुभवही होता.

---

सह्याद्रीचा_छावा_९६

सगळे चोर. एका पक्षाने खाल्लं, दुसऱ्याने ताटच उचललं. (उर्वरित मजकूर काढला आहे. धाग्यात वर केलेली विनंती वाचावी. – संपादक)

---

मेलबर्नची_माई

इकडे ऑस्ट्रेलियातही हा विषय तापला होता. सिगरेटच्या पाकिटांवरून कंपनीचं बोधचिन्ह, रंग सगळं काढून एकसारखी मळकट पाकिटं करायचा कायदा २०११ मध्ये झाला. सिगरेट कंपन्या इथल्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. पण त्याआधीच फिलिप मॉरिसने एक चाल खेळून ठेवली होती. सरकारने कायदा आणणार असं जाहीर केल्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायाचे शेअर हाँगकाँगच्या कंपनीच्या नावे करून घेतले, कारण हाँगकाँगशी ऑस्ट्रेलियाचा गुंतवणूक करार होता. तुमच्या मॉरिशसचा भाऊच.

डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने दावा ऐकायलाच नकार दिला. वाद दिसत असताना मुद्दाम पत्ता बदललात, हा हक्काचा गैरवापर आहे म्हणून. उरुग्वेवरही याच कंपनीने दावा लावला होता, तोही २०१६ मध्ये हरली आणि कंपनीलाच उरुग्वेचा सत्तर लाख डॉलर खर्च भरून द्यावा लागला.

म्हणजे लवाद नेहमी कंपनीच्याच बाजूने असतात असं नाही. पण मधली वर्षं बघा. आपल्या नागरिकांच्या आरोग्याचा कायदा करायला एखाद्या छोट्या देशाने जर असा खर्च आणि अशी धाकधूक सोसायची, तर बरेच देश कायदाच पुढे ढकलतात. न्यूझीलंडने साध्या पाकिटांचा विषय ऑस्ट्रेलियाचं काय होतं ते बघेपर्यंत लांबवला होता.

जीई-बेक्टेलच्या मॉरिशस कंपन्या मात्र वादाच्या कितीतरी आधीच्या होत्या, त्यामुळे हा बचाव भारताला मिळाला नसता, बरोबर ना?

---

निवाडा

माईंना +१. बरोबर. कर वाचवायला काढलेली छत्री पावसातही उपयोगी पडली, याला लवाद सहसा गैरवापर म्हणत नाहीत.

---

आकडेमोड

दाभोळवरून आपण काही शिकलो का? मला तर उलटंच दिसतं.

व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातला धंदा ११ अब्ज डॉलरच्या आसपास घेतला, व्यवहार केमन बेटांवरच्या कंपनीच्या शेअरचा. आयकर खात्याने कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कर लागत नाही. काही आठवड्यांत अर्थसंकल्पात कायदाच बदलला, तोही १९६२ पासून लागू! सप्टेंबर २०२० मध्ये भारत-नेदरलँड्स कराराखाली तिघाही लवादांनी एकमताने भारताविरुद्ध निकाल दिला. भारताने नेमलेले लवादही त्यात होते.

केर्न या ब्रिटिश तेल कंपनीची गोष्ट तर मराठी मालिकेला शोभेल. २००६ च्या अंतर्गत पुनर्रचनेवर २०१४ मध्ये नोटीस, १०,२४७ कोटींची मागणी, कंपनीचे शेअर जप्त करून विकलेसुद्धा. डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलर अधिक व्याज असा निवाडा. सरकार देईना. तर केर्नने जगभर भारत सरकारची मालमत्ता हुडकायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियावर दावा, कारण ती आणि सरकार एकच. पॅरिसमधल्या सरकारी मालकीच्या वीसेक मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाचा आदेश. ही बातमी जुलै २०२१ ची. ऑगस्टमध्ये पूर्वलक्षी कर मागे घेणारा कायदा संसदेत पास. पुढच्या फेब्रुवारीत केर्नला सुमारे ७,९०० कोटी परत.

महिनाभरात कायदा. पिपरवारवाल्याला नऊ वर्षं.

---

मंडळातला_म्हातारा

आकडेमोड, कर आणि वीज दर एका तागडीत घालू नका. पूर्वलक्षी कर हा सरकारचा आडमुठेपणा होता, मान्य. दाभोळमध्ये लोकांच्या खिशातून न परवडणारे पैसे जात होते.

आणि लवादांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. नायजेरियाविरुद्ध एका गॅस प्रकल्पावरून लवादाने दिलेला निवाडा व्याजासकट ११ अब्ज डॉलरवर पोचला होता. प्रकल्पाची एक वीटही उभी राहिली नव्हती. २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण लाच देऊन करार मिळवला होता आणि लवादात खोटे पुरावे दिले होते. तीन विद्वान लवादांच्या ते ध्यानात आलं नाही. दाभोळ कराराबद्दल राज्याने १९९५ मध्ये न्यायालयात काय म्हटलं होतं, ते खाडीपल्याड यांनीच वर लिहिलंय.

---

खाडीपल्याड

काका, नायजेरियाचा मुद्दा जोरदार आहे. पण नायजेरिया शेवटपर्यंत लढली, कागद शोधले, आणि लंडनच्याच न्यायालयात सिद्ध करून दाखवलं. आपण १९९६ मध्ये तो दावा स्वतःच मागे घेतला. ज्या कराराला फसवणूक म्हटलं त्यावर पुन्हा सही केल्यावर २००१ मध्ये तोच मुद्दा कुठल्या तोंडाने काढणार? माझा राग एन्रॉनपेक्षा त्या दुसऱ्या सहीवर आहे.

---

मंडळातला_म्हातारा

दुसऱ्या सहीबद्दल तुमच्याशी सहमत. त्या दिवशी कार्यालयात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

---

वरणभात_तूप

मग आता काय स्थिती? हे करार अजून आहेत?

---

निवाडा

बहुतेक जुने नाहीत. व्हाइट आणि व्होडाफोनचे चटके बसल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने नवा नमुना मंजूर केला आणि २०१६-१७ मध्ये ५८ देशांना करार संपवायच्या नोटिसा दिल्या. नव्या नमुन्यात कर वगळला, ते कुवेतचं कलम उसनं घ्यायची वाटही बुजवली, आणि लवादात जाण्याआधी पाच वर्षं भारतीय न्यायालयांत दाद मागणं सक्तीचं केलं. जुन्या करारांना शेपूट असतं. संपल्यावरही आधीच्या गुंतवणुकीला काही वर्षं संरक्षण चालू राहतं, बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं.

मग गुंतवणूकदार म्हणाले पाच वर्षं फार झाली. अमिरातीशी २०२४ मध्ये झालेल्या करारात ती तीनवर आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात हा नमुना आणखी गुंतवणूकस्नेही करू असं जाहीर झालं. लंबक परत चालला आहे.

माझ्या मते पाच की तीन हा वाद फसवा आहे. व्यापारी दाव्याचा निकाल आपल्याकडे दोन वर्षांत लागत असता तर हे कलम कुणाला टोचलंच नसतं.

---

रानवीचा_राजू

उशिरा पोचलो, रेंज नव्हती.

एक राहिलं. मॉरिशसच्या कंपनीला करार होता, ऑस्ट्रियाच्या बँकेला करार होता. ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या त्यांना १८९४ चा भूसंपादन कायदा होता. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करा, तो प्रकरण दिवाणी न्यायालयात पाठवणार, एवढंच. जमीन द्यायची की नाही हा प्रश्न त्यात येतच नव्हता. वेलदूरच्या बायका १९९७ मध्ये प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या आणि त्यांच्यावर पोलिसांनी काय केलं ते मानवी हक्कवाल्यांच्या अहवालात आहे.

---

मेलबर्नची_माई

राजू, हे धाग्याच्या वरती यायला हवं होतं.

---

आकडेमोड

राजू, आता तिथे चालू काय आहे? वीज होते का?

---

रानवीचा_राजू

कधी चालू, कधी बंद. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला तेव्हा सगळंच ठप्प होतं, मग २०१५ च्या शेवटी रेल्वेला वीज द्यायला लागले. द्रवरूप गॅसचं टर्मिनल वेगळं केलं, ते आता गेलकडे. पण २००१ ला काम थांबलं तेव्हा समुद्रातला बंधारा अर्धवट राहिला होता. त्यामुळे टर्मिनल सुरू झाल्यावरही कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. चार महिने बंद. आमच्या होड्या शाकारायच्या त्याच सुमाराला तेही बंद व्हायचं.

खाडीपल्याड, पुढच्या वेळी धोपाव्याला उतरलात की डावीकडे न वळता अंजनवेलच्या किल्ल्यावर या. तिथून अख्खं दिसतं. भाच्याला घेऊन या.